दशांचा दोर

सौम्यानं दोराचं एक टोक दारातल्या कडुनिंबाला बांधलं, दुसरं कमरेभोवती गुंडाळलं आणि दोन्ही टाचा मातीत रोवून ती मागे रेलली. दोर करकरला. ती आणखी मागे झाली, इतकी की वेणीचं टोक जमिनीला टेकलं.

"तुटतोय काय?" सोप्यातून तिच्या वडिलांनी, यल्लाप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"मग उगंच झाडाला का तरास द्यालीयास?"

ती उठली, कमरेचा विळखा सोडला आणि दोर बोटांतून फिरवत टोकापर्यंत तपासत गेली. कुठं एखादा पदर सैल पडलाय का, कुठं सूत वर आलंय का. तिचं हे तपासणं यल्लाप्पांना ठाऊक होतं. लहानपणी वडिलांची गोष्ट ऐकतानाही ती अशीच कपाळाला आठी घालून सैल पदर शोधायची.

यल्लाप्पांचा हातमाग बेळगावात शहापूरच्या गल्लीत अजून चालू होता. तो का चालतो याची त्यांच्याकडे निरनिराळी कारणं होती आणि त्यांतली निम्मी देवांनी स्वतः येऊन सांगितलेली होती. लेक सदलग्याजवळच्या या गावात दिलेली. जावई ओमकार पॉवरलूमवर रात्रपाळी करायचा आणि दिवसा असा झोपायचा, की यल्लाप्पांच्या सांगण्याप्रमाणे एकदा मांजरीनं त्याच्या कुशीत पिलं घातली आणि ती मोठी होऊन निघून गेली तरी त्याला पत्ता नव्हता. लेकीकडं येताना यल्लाप्पा खाऊ आणत नसत. बसच्या मागच्या सीटखाली कोंबून एक पोतं आणत.

पोत्यात दशा असत. मागावरचं लुगडं उतरलं की शेवटी हात-दीड हात ताणा उरतो. तिथपर्यंत धोटा पोचत नाही, म्हणून ती सुतं कापून टाकायची. शहापुरात कुणी ती खळीच्या चुलीत घाली, कुणी उद्यमबागेत मशिनीचं तेल पुसायला देई. चांगलं कापसाचं सूत, कुणाच्या अंगाला न लागताच जळून जायचं. सौम्यानं त्याचे दोर वळायला घेतले. दशा भिजवून खळ काढायची, सावलीत वाळवायच्या, एकीत एक सरकवत हातचाकावर पीळ द्यायचा, मग तीन पदर एकत्र करून उलटा पीळ. गल्लीतल्या दोघी-तिघी तिच्या जोडीला आल्या होत्या. दावी, कासरे, म्होरक्या तयार होऊन सोप्यात खुंट्यांवर लटकत होत्या. हाताला मऊ, जनावराच्या कातडीला मऊ. फक्त घेत कुणी नव्हतं. गावानं त्याला नाव ठेवलं होतं, चिंध्यांचा दोर.

आता बेंदूर तोंडावर आला होता. बेंदराला बैलाचा सगळा साज नवा घ्यायचा असतो. त्या दिवशी ज्याचा दोर बैलाच्या गळ्यात पडला, त्याचा वर्षभर खपतो. नाही पडला तर सोबतच्या बायका पुन्हा भांगलणीला जाणार आणि पोती पुन्हा चुलीत. सौम्यानं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण हल्ली ती झोपेतही तळहातावर तळहात घासायची.

दारात काठी वाजली. मारुतीराव आले होते. गावातला थोरला बैल, हरण्या, त्यांचा. बेंदराच्या मिरवणुकीत तोच पुढे असायचा आणि वेशीतली कर तोच तोडायचा.

"सौम्या, यंदाची कर तू वळून देशील काय?"

सौम्याच्या हातातला दोर थांबला. कर म्हणजे वेशीत आडवा बांधायचा दोर, पिंपळाची पानं लावलेला. बैलानं पळत येऊन तो छातीनं तोडायचा. तोडला की पीकपाणी बरं. पूर्वी जी घरं हा दोर वळायची, त्यांची पोरं शिकून निपाणीत, बेळगावात नोकरीला लागली आणि त्यांनी हे गावकीचं काम सोडलं. सोडलं ते बरंच केलं, असं मारुतीरावही आता म्हणत. तेव्हापासून दुकानातला नायलॉन बांधत होते. गेल्या वर्षी तो तुटला नाही. हरण्या गुडघ्यावर आला आणि त्याच्या छातीचं कातडं हातभर सोललं गेलं. सगळं वर्ष त्या जखमेला हळद लावण्यात गेलं होतं.

"देते की अण्णा," सौम्या म्हणाली.

"पण तुटली पायजे बाई."

"तुटंल की! न तुटून सांगतीय कुणाला?" हे बोलला भावकू. त्याचं दुकान चौकातच होतं, नायलॉनची रिळं बाहेर टांगलेली, आणि मारुतीराव कुणाच्या दारात काठी वाजवतात हे बघायला तो मागोमाग आला होता. "चिंध्याच त्या. हरण्या नुसता शिंकला तरी तुटतील. काय पाव्हणं?"

यल्लाप्पांनी पान तोंडात सारलं. त्यांनी पान सारलं की गल्लीतली जाणती माणसं बूड टेकायला जागा बघत.

"भावकू, गुंजीचं टेसन बगितलायस काय रं?"

"गाडीतनं बगितलंय."

"तितं एकदा इंजिन सुटलं. ब्रेक न्हाय, काय न्हाय. उतार असा, की ते निघालं तर गोव्याच्या समुद्रातच थांबायचं. मी गाडीची वाट बगत बसलोतो, ह्याच दशांची वळकटी उशाला. टाकला फास, बांधला खांबाला. सकाळपतूर इंजिन जाग्यावर फुरफुरालतं."

"आणि डायव्हर?"

"माझ्याशेजारी च्या प्यायला. त्याचं पैसं बी मी दिलो."

मारुतीरावांनी हसू मिशीत दाबलं. भावकूनं मात्र दोन्ही हात जोडले.

"मग झालंच की! इंजिनानं न्हाय तुटला तितं बैलाची काय कथा? ऐका अण्णा. कर तुटली तर दोर चिंध्यांचा. न्हाय तुटली तर गावाला वंगाळ, आणि हरण्याचं हाल येगळंच. पोरी, दोन्हीकडनं दुकान माझंच चालतंय बग."

तो गेला. मारुतीराव जाताना एवढंच म्हणाले, "बग बाई. जमत नसंल तर सांग. मागच्यागत झालं तर माझ्यानं बगवायचं न्हाय."

"जमतंय अण्णा."

ते दृष्टीआड झाल्यावर सौम्या वडिलांकडं वळली. "आप्पा, इंजिन मदी घालायची काय गरज हुती?"

यल्लाप्पा पोत्यातल्या दशा चाळायला लागले.

तिला खोट्याचा मनापासून कंटाळा होता. पहिलीत असताना तिनं वर्गात उभं राहून सांगितलं होतं, की आमच्या आप्पांनी विणलेलं लुगडं इतकं तलम, की वाळत घातलं तर चिमण्या त्यातनं आरपार जातात. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. त्या दिवसापासून ती प्रत्येक शब्द ओढून बघून मगच तोंडातून काढायची.

"पीळ वाईच कमी दे मदल्या पदराला," संध्याकाळी यल्लाप्पा हळूच म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"अगं, बैलाचा जीव..."

"सूतच हाय आप्पा, हरण्यापुढं तुटंलच. पण जिथं तुटंल तिथं ते भावकू सगळ्यांना टोक दावणार. कच्चं दिसलं तर खुंटीवरचं सगळं कच्चं. कच्चा दोर मी वळायची न्हाय."

ती शहापूरला जाऊन आली. चार घरच्या मागांवरच्या दशा मागून आणल्या. आल्याबरोबर पोती पाण्यात घातली. मग चाक सुरू झालं ते सुरूच राहिलं. जोडीच्या बायका दमून घरी गेल्या तरी ती पीळ आवळत होती. तळहाताला फोड आले तेव्हा त्यावर चिंधी बांधली, चिंधी रक्तानं चिकटली तेव्हा दुसरी बांधली. यल्लाप्पा समोर बसून दशा निवडून तिच्या हाती देत. त्यांच्या तोंडून त्या दिवसांत एकही गोष्ट निघाली नाही. ओमकार एकदा झोपेतून उठून आला आणि विचारून गेला, "मामा, बरं न्हाय काय तुमास्नी?"

निवडता निवडता यल्लाप्पांनी एक जुनी दशी उचलली, तिच्या टोकाला दुसरी लावली आणि दोन बोटांत फिरवली. मागावर नवा ताणा चढवताना ते असंच करत आले होते. जुन्या सुताचं टोक, नव्या सुताचं टोक, बोटांना राख लावून नुसता पीळ. गाठ नाही. गाठ मारली तर ती फणीत अडकते. सौम्याला एकदम आठवलं. लहान असताना ती पळत येऊन नव्या ताण्यावर धडकली होती आणि कालच जोडलेली सगळी सुतं फटाफट सुटली होती. मार बसणार म्हणून ती कोपऱ्यात दडली. यल्लाप्पा एवढंच म्हणाले होते, "किती बी ओढलं तरी धरतंय बग हे, पण हिसका चालत न्हाय गं याला." मग दिवसभर बसून त्यांनी एकेक सूत पुन्हा जोडलं, आणि आईला सांगितलं की हुबळीहून एक उंदीर आलता.

ती क्षणभर हसली आणि परत चाकाकडं वळली.

बेंदराच्या दुपारी दोर तयार होऊन सोप्यात वेटोळं घालून पडला होता. मनगटाएवढा जाड, पांढऱ्यात मधूनच लुगड्यांच्या काठांचा हिरवा-तांबडा रंग. सौम्या पिंपळाच्या डहाळ्या घेऊन बसली, तसे यल्लाप्पा म्हणाले, "पानं मी बांधतो. तू पोळ्यांचं बग जा. हरण्याला घास न्यायचाय न्हवं?"

"नीट बांधा."

"मागावर जल्म गेला माझा. आणि चुलीतली राख दे वाईच वाटीत. पिंपळाच्या चिकानं हात चिकट व्हतात."

तिनं परसातल्या चुलीची राख वाटीत घालून दिली आणि ती पुरण वाटायला गेली. सगळ्या पोळ्या लाटून, भाजून परत आली तेव्हा दोर पानांनी झाकून गेला होता. मधोमध तर पानं इतकी दाट होती की आतलं सूत दिसत नव्हतं.

"मदी एवढी कशाला?"

"शोभंसाठी," यल्लाप्पा म्हणाले.

वेशीत हलगी वाजत होती. कर दोन्ही बाजूंच्या खांबांना बांधली गेली, बैलाच्या छातीच्या उंचीवर. मिरवणूक अजून मारुतीरावांच्या वाड्यावरून निघायची होती आणि गाव मोकळंच उभं होतं. भावकूला असा मोकळा वेळ सोसत नसे.

"पाव्हणं, इंजिनाचा दोर हाय म्हनतासा. आमी जरा ओढून बगू काय?"

सौम्यानं दोराच्या गाठीवर हात ठेवला. यल्लाप्पा मात्र पुढं झाले.

"ओढा की. चार हिकडनं, चार तिकडनं. पण दमादमानं ओढा हं. हिसकं दिलासा तर पानं गळतील, आणि पानं गळलेली कर अशुभ."

पोरांनी खांबाच्या गाठी सोडल्या, दोन्ही टोकं धरली आणि ओढू लागली. दोर ताणला, कण्हला, काठीसारखा ताठ झाला. पोरांचे चेहरे तांबडे झाले, एकाच्या चपलेचा अंगठा तुटला. दोर तसाच. आणखी दोघं-दोघं जोडले गेले. दोर तसाच. आधी हसणारं गाव हळूहळू हसायचं थांबलं. एक म्हातारी म्हणाली, "बया, ह्यो तुटतोय कसला!"

सौम्याच्या मनात होतं की आता आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं हरण्याच्या छातीवरचा हातभर चट्टा आला. तिथं अजून केस उगवले नव्हते. मऊ असला म्हणून काय झालं, न तुटणारा दोर तो न तुटणाराच. आपण पीळ आवळत होतो तेव्हा आपल्याला फक्त भावकू दिसत होता, बैल दिसतच नव्हता.

"आप्पा," ती वडिलांचा सदरा ओढत म्हणाली, "कापा. मदी अर्धा कापा. मी सांगते सगळ्यास्नी."

"आता?"

"हरण्याला लागंल आप्पा!"

"गप ऱ्हा," यल्लाप्पा म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते.

पोरांनी कर परत खांबांना बांधली, आणि हलगीचा ठेका बदलला. रस्त्याच्या वळणावर हरण्या दिसला. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ. मारुतीराव कासरा धरून त्याच्या बाजूनं चालत होते, मग पळत होते, मग त्यांनी कासरा सोडला. सौम्या गर्दीतून पुढं घुसली. तिनं दोन्ही हात वर केले होते आणि ती काहीतरी ओरडतही होती, पण हलगीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. हरण्या आला तो मान खाली घालून, सगळं वजन छातीत घेऊन. पानांचा एक मोठा सळसळाट झाला, आणि कर मधोमध दुभंगली. हरण्या त्याच पळात वेशीबाहेर गेला आणि थोडं पुढं जाऊन उभा राहिला. छातीवर त्याच्या पिंपळाचं एक पान तेवढं चिकटलं होतं.

गाव ओरडलं. माणसं कर लुटायला धावली. तिचा तुकडा गोठ्याच्या दाराला बांधायचा असतो. सगळ्यांच्या पुढं भावकू होता. त्यानं एक अर्धं हातात धरलं.

"बगा! म्हनलोतो का न्हाय? चिंध्या!" असं म्हणत तो दाखवायला एक तुकडा तोडू लागला. हातानं तुटला नाही. पायाखाली धरून ओढला. नाही. दुसऱ्यानं एक टोक धरलं, तिसऱ्यानं दुसरं. शेवटी कुणीतरी घरातून विळा आणला आणि विळ्यालाही चार वेळा करकरावं लागलं. विळा चालवणारा मध्येच थांबून दोराकडं बघू लागला. मग भावकूकडं. भावकूनं विळ्याची धार बोटानं तपासल्यासारखं केलं.

मारुतीराव दम खात परत आले. हरण्याच्या छातीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला. मग खाली पडलेलं दुसरं अर्धं उचललं, ओढून बघितलं, आणि हरण्याचा जुना नायलॉनचा कासरा सोडून हे त्याच्या गळ्यात घातलं. त्या दोराला धरून बैल घेऊन गेले.

त्यांनी उचलण्याआधी सौम्यानं त्याचं टोक एकदा हातात घेऊन बघितलं होतं. जिथं तुटलं असं सगळे म्हणत होते, ते टोक. सूत तुटतं तेव्हा त्याचा भुसा होतो, तंतू विस्कटतात. इथं एकही तंतू विस्कटलेला नव्हता. प्रत्येक सूत शेवटपर्यंत अख्खं होतं, निमुळतं, बोटभर लांबीला हलकासा पीळ घेतलेलं आणि राखाडी. शेकडो सुतं, एकेक वेगळं जोडलेलं.

तिनं वळून बघितलं. यल्लाप्पा वेशीच्या कट्ट्यावर टेकले होते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं धोतराला पुसत होते.

"काय पाव्हणं!" भावकूला आता दुसरं काही उरलं नव्हतं. "तुटला की तुमचा इंजिनाचा दोर!"

सगळ्यांनी यल्लाप्पांकडं बघितलं. आता ते पान तोंडात सारतील, आणि हरण्या हा मागच्या जन्मी कोण होता ते सांगतील, अशी वाट बघत.

"तुटला बाबा," यल्लाप्पा म्हणाले. "काय करायचं?"

भावकू मोठ्यानं हसला. बाकीचे जरा हिरमुसून पांगले.

दिवस मावळायच्या आत सोप्यातल्या खुंट्या निम्म्याहून रिकाम्या झाल्या. बैल दारात उभे करूनच माणसं म्होरक्या घालून बघत होती. जोडीच्या बायका दोर काढून द्यायला धावपळ करत होत्या. जरा गर्दी कमी झाल्यावर भावकूही आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"एक-दोन बंडलं दुकानात टांगून बगतो," तो खुंट्यांकडं बघत म्हणाला. "चालली तर चालली."

"घेऊन जावा," सौम्या म्हणाली.

यल्लाप्पा आत ताटावर बसले होते. भावकूला ते दिसले, आणि त्याला राहवलं नाही. "दोर बरा हाय, मी न्हाय कुठं म्हनतोय? पण पाव्हणं, त्या इंजिनाचं मातुर खोटं. आता तर सगळ्या गावानं बगितलं."

यल्लाप्पांनी पोळीचा तुकडा मोडला. बोटांच्या पेरांत राख अजून होती. धुऊनही ती लवकर जात नाही.

सौम्या खुंटीवरून दोराचं बंडल काढत होती. तिनं ते भावकूच्या हातात ठेवलं.

"खोटं कसं?" ती म्हणाली. "मी हुते की तितं."

"तू? गुंजीला?"

"आप्पांच्या मांडीवर. माझ्या डोळ्यांनी बगितलंय." कपाळावर आठीसुद्धा नव्हती. "आणि आप्पा एकच सांगतात. दोन इंजिनं हुती."

आत यल्लाप्पांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांनी लेकीकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि ताटाकडं बघत म्हणाले,

"दुसरं जरा लहान हुतं."